कानाला तळटीप दिसत नाही

छापील निबंधाला एक सोय असते, ती बोललेल्या निबंधाला नसते. लेखक एखादे विधान करतो, त्याच्या डोक्यावर बारीक आकडा टाकतो आणि पानाच्या तळाशी आधार देतो. ज्याला शंका असेल त्याने खाली पाहावे, ज्याला नसेल त्याने पुढे जावे. बोलणाऱ्याला हे साधत नाही. वाक्याच्या मध्येच थांबून तो ग्रंथाचे नाव, आवृत्ती आणि पृष्ठ सांगू लागला तर ऐकणारा कंटाळतो. न सांगावे, तर ऐकीव गोष्ट ऐकीवच राहते. कानाला तळटीप दिसत नाही, ही श्राव्य माध्यमाची जुनीच अडचण आहे.

पॉडकास्ट या नव्या श्राव्य प्रकाराने तिच्यावर एक उपाय आयताच पुरवला आहे. प्रत्येक भागाबरोबर श्रोत्याला थोडा लेखी मजकूरही पाठवता येतो. या मजकुराला ‘वर्णन’ म्हणतात. भागात काय आहे, कोण बोलले, कोणत्या पुस्तकाचा आधार घेतला, अधिक माहिती कोठे मिळेल, हे सारे तेथे लिहिता येते आणि मूळ साधनाचा दुवाही देता येतो. म्हणजे वर्णन ही श्राव्य निबंधाची तळटीपच होय.

परंतु पुष्कळदा ही जागा ‘जरूर ऐका आणि मित्रांना सांगा’ एवढ्यावरच वाया जाते. जे काळजीपूर्वक लिहितात त्यांचाही मजकूर श्रोत्याच्या हाती पडतो तेव्हा कधी कधी त्याचा लगदा झालेला असतो. परिच्छेद एकमेकांत मिसळलेले, दुवे निर्जीव, मधूनच अनाकलनीय चिन्हे आणि शेवटचे वाक्य अर्ध्यावर तुटलेले. असे का होते आणि ते कसे टाळावे, याचा विचार येथे करावयाचा आहे. विषय वरवर यंत्राचा वाटेल. मुळात तो लेखनाचा आहे, म्हणूनच कला महाविद्यालयाच्या वार्षिकात त्याने जागा अडवावी हे गैर वाटत नाही.

फीड म्हणजे एक यादी

पॉडकास्ट म्हटले की डोळ्यांपुढे फोनमधले एखादे अ‍ॅप येते. वस्तुतः पॉडकास्टचा पाया म्हणजे ‘फीड’ नावाची एक साधी मजकुराची फाइल होय. ध्वनिमुद्रित भाग महाजालावरील एखाद्या संगणकावर ठेवलेले असतात, आणि फीडमध्ये त्यांची यादी असते. भागाचे शीर्षक, त्याचे वर्णन, प्रसिद्धीची तारीख, ध्वनिफाइलीचा पत्ता, तिचा आकार आणि प्रकार अशी माहिती त्या यादीत भरलेली असते. श्रोत्याचे अ‍ॅप अधूनमधून ही यादी वाचते आणि नवा भाग दिसला की तो त्याच्यापुढे मांडते.

या यादीच्या रचनेला आरएसएस असे नाव आहे. तिचे पहिले रूप मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार झाले. डॅन लिबी आणि मद्रासच्या आय. आय. टी.त शिकलेले रामनाथन गुहा हे त्यामागील प्रमुख. ध्वनिफाइल जोडण्याची सोय डेव्ह वायनर यांनी डिसेंबर २००० च्या ०.९२ या आवृत्तीत केली. सप्टेंबर २००२ मध्ये २.० ही आवृत्ती निघाली, आणि २००३ मध्ये तिची नियमपत्रिका हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्राकडे सोपवण्यात आली. त्याच वर्षी ख्रिस्तोफर लायडन या अमेरिकन पत्रकाराच्या ध्वनिमुद्रित मुलाखती या मार्गाने प्रसृत झाल्या. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकातील बेन हॅमर्स्ली यांच्या लेखात आला. पुढे जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आपल्या आयट्यून्स या साधनात पॉडकास्टची सोय केली, आणि हा प्रकार घरोघर पोचला.

हा इतिहास सांगण्यामागे हेतू आहे. फीड ही कोणा एका कंपनीची मिरास नाही. लिहिणारा एक आणि वाचणारी यंत्रे अनेक, असा हा व्यवहार आहे. गुगलने २०१८ मध्ये पॉडकास्टसाठी वेगळे अ‍ॅप काढले आणि २०२४ मध्ये ते मिटवले. पण त्यावर ऐकू येणारे कार्यक्रम इतर अ‍ॅपांत चालूच राहिले, कारण त्यांचे फीड शाबूत होते. तेव्हा वर्णन लिहिताना ‘माझ्या फोनवर ते छान दिसते’ एवढ्यावर समाधान मानून भागत नाही. आपला मजकूर कोणत्या खिडकीतून वाचला जाणार आहे, हे आपल्याला कधीच ठाऊक नसते. पुढील सर्व अडचणींचे मूळ येथे आहे.

जुळाऱ्यासाठी केलेल्या खुणा

खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी हस्तलिखित छापखान्यात जाण्यापूर्वी संपादक त्यावर खुणा करी. शब्दाखाली सरळ रेघ म्हणजे तिरपा टाइप, नागमोडी रेघ म्हणजे ठळक टाइप, समासात ‘नवा परिच्छेद’ अशी सूचना. जुळारी त्या सूचना पाळी, पण छापत नसे. ‘नवा परिच्छेद’ हे शब्दच जर त्याने मजकुरात जुळवले असते तर हसे झाले असते. मजकूर कोणता आणि मजकुराविषयीची सूचना कोणती, हा भेद त्याला सवयीने कळत असे.

संगणकाला अशी सवय नसते. त्यामुळे सूचना ओळखू यावी म्हणून ती विशिष्ट चिन्हांत कोंडावी लागते. एचटीएमएल या भाषेत त्यासाठी शाळेच्या गणितातील दोन चिन्हे घेतली आहेत. ‘पेक्षा लहान’चे < आणि ‘पेक्षा मोठे’चे >. या दोहोंमध्ये रोमन अक्षरांत लिहिलेली खूण ही सूचना समजायची, बाकी सगळा मजकूर. परिच्छेदासाठी ‘पी’, साध्या यादीसाठी ‘यूएल’, क्रमांकांच्या यादीसाठी ‘ओएल’, यादीतील एकेका कलमासाठी ‘एलआय’ आणि दुव्यासाठी ‘ए’ अशा त्या खुणा आहेत. सूचना जेथे संपते तेथे तीच खूण तिरपी रेघ जोडून पुन्हा लिहितात. या भाषेच्या इंग्रजी नावात ‘मार्कअप’ हा शब्द आहे, तो छापखान्यातूनच आलेला.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. एचटीएमएलमध्ये नुसती नवी ओळ सुरू केल्याने परिच्छेद पडत नाही. आपण कळफलकावर कितीही वेळा ओळ मोडली तरी यंत्र ती एका मोकळ्या जागेसारखी धरते. परिच्छेद हवा तर ‘पी’ ही खूण हवी. उलट जे अ‍ॅप वर्णनाला साधा मजकूर समजते ते मोडलेल्या ओळी तशाच ठेवते आणि खुणा टाकून देते. एकाच वर्णनाचे एका फोनवर सुबक परिच्छेद दिसतात आणि दुसऱ्यावर तोच मजकूर सलग धावतो, त्याचे कारण हेच.

पाकिटातले पाकीट

गुंतागुंत येथे संपत नाही. फीडची यादी स्वतः एक्सएमएल या दुसऱ्या खुणांच्या भाषेत लिहिलेली असते. ही भाषा फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाली, आणि तिच्यातही खुणांसाठी हीच < आणि > चिन्हे आहेत. म्हणजे एका पाकिटात दुसरे पाकीट ठेवायचे आहे आणि दोहोंवर सारखेच शिक्के आहेत. बाहेरचे पाकीट उघडणाऱ्याने आतल्याला हात लावू नये, अशी व्यवस्था हवी.

ती दोन प्रकारे करतात. पहिला प्रकार वेषांतराचा. आतल्या मजकुरातील < हे चिन्ह तसेच न लिहिता & हे चिन्ह, पुढे रोमन ‘एल’ व ‘टी’ आणि शेवटी अर्धविराम असे लिहायचे. बाहेरचे पाकीट उघडताना हे वेषांतर उतरते आणि आत मूळ चिन्ह मिळते. खुद्द & हे चिन्ह वेषांतराच्या कामी लागले असल्यामुळे त्यालाही वेष द्यावा लागतो. & नंतर ‘ए’, ‘एम’, ‘पी’ आणि अर्धविराम.

दुसरा प्रकार मोहोरबंद पाकिटाचा. त्याला सीडेटा म्हणतात. एक ठराविक प्रारंभखूण लिहिली की त्यापुढचा सर्व मजकूर एक्सएमएलने जसाच्या तसा सोडून द्यायचा, आणि ]]> ही समाप्तिखूण आली की पुन्हा लक्ष द्यायचे. यात वेषांतराची कटकट नाही. अट एवढीच की ही समाप्तिखूण आतल्या मजकुरात कोठेही येता कामा नये. अ‍ॅपलच्या मार्गदर्शक नियमांतही वर्णनात दुवे किंवा खुणा असतील तर ते सीडेटात गुंडाळावे असे सांगितले आहे.

आता चुका कशा होतात पाहा. वेष दोनदा चढला, म्हणजे लिहिणाऱ्यानेही चढवला आणि फीड तयार करणाऱ्या यंत्रानेही, तर एकच वेष उतरतो आणि श्रोत्याला ‘आणि’च्या चिन्हाशेजारी ‘एएमपी’ ही अक्षरे दिसतात. वेष मुळीच चढवला नाही तर प्रसंग अधिक बिकट होतो. एक्सएमएलचा दंडक कडक आहे. रचनेत एक जरी दोष सापडला तरी वाचणाऱ्या यंत्राने तेथेच थांबावे असे त्याचे प्रमाणपत्रक सांगते. कोणी भागाच्या वर्णनात सहज ‘प्रश्न & उत्तरे’ असे लिहिले आणि ते & तसेच उघडे फीडमध्ये गेले, तर तो एक भागच नव्हे, सगळी यादी वाचायची थांबू शकते. एका चिन्हापायी वर्षभराचे काम श्रोत्यांना दिसेनासे व्हावे, ही गोष्ट थट्टेवारी नेण्याजोगी नाही. फीड तयार करून देणाऱ्या बहुतेक सेवा ही काळजी स्वतः घेतात. जे स्वतः फाइल लिहितात त्यांनी मात्र ती घेतलीच पाहिजे.

याखेरीज आरएसएसच्या नियमपत्रिकेत एक जन्मजात संदिग्धता आहे. वर्णनात वेषांतरित एचटीएमएल चालते असे ती म्हणते, पण हे वर्णन एचटीएमएल आहे की साधा मजकूर, हे सांगण्याची जागाच तिच्यात नाही. समजा, एखाद्या व्याख्यानाचा विषयच ‘<पी> ही खूण कशी वापरावी’ असा आहे. मग वर्णनातील ती खूण पाळायची की छापायची? यंत्राला अंदाज करावा लागतो, आणि वेगवेगळी यंत्रे वेगवेगळा अंदाज करतात. डिसेंबर २००५ मध्ये प्रमाणित झालेल्या अ‍ॅटम या दुसऱ्या पद्धतीने हा दोष दूर केला. तिच्यात प्रत्येक मजकुरावर ‘साधा’ किंवा ‘एचटीएमएल’ अशी चिठ्ठी लावता येते. परंतु तोवर पॉडकास्टचा संसार आरएसएसवर थाटला गेला होता, आणि आरएसएसचा आराखडा गोठवण्यात आला होता. चांगला नियम मागाहून आला, पण रूढी अगोदरची होती. भाषेच्या अभ्यासकांना यात नवल वाटू नये.

गाळणी

तिसरा टप्पा श्रोत्याच्या अ‍ॅपचा. आपण पाठवलेल्या सर्व खुणा अ‍ॅप जशाच्या तशा मानत नाही. ते त्या गाळून घेते. हा हट्ट नाही, सावधगिरी आहे. एचटीएमएलमधून केवळ परिच्छेद आणि दुवे येतात असे नाही, छोटे कार्यक्रमही येऊ शकतात, आणि ते परक्याच्या यंत्रावर नाही ते उद्योग करू शकतात. २००३ मध्ये मार्क पिल्ग्रिम या अमेरिकन लेखकाने हे दाखवण्यासाठी आपल्या फीडमध्ये मुद्दाम असा एक तुकडा दडवला. ज्या वाचकयंत्रांनी तो गाळला नाही त्यांच्या पडद्यावर प्लॅटिपस या प्राण्याची चित्रे अवतरली. गंमत निरुपद्रवी होती, पण इशारा कळण्याजोगा होता.

अ‍ॅपलच्या नियमांत भागाच्या वर्णनासाठी ज्या खुणा नावाने सांगितल्या आहेत त्या वर आलेल्या पाचच आहेत. परिच्छेद, दोन प्रकारच्या याद्या, यादीचे कलम आणि दुवा. ठळक टाइप, रंग, लहानमोठी अक्षरे, कोष्टके यांचे नाव त्यात नाही. म्हणून ज्याचा अर्थ रंगावर किंवा ठळकपणावर टेकलेला आहे असे वाक्य वर्णनात लिहू नये. ‘खाली ठळक अक्षरांत दिलेली पुस्तके अवश्य वाचा’ असे लिहिले आणि ठळकपणा गाळणीत राहिला, तर श्रोत्याने कोणती पुस्तके वाचावीत? त्यापेक्षा ‘पुढील दोन पुस्तके अवश्य वाचा’ असे म्हणावे. तिरप्या अक्षरांचा मोह तर देवनागरीत मुळीच धरू नये. तिरपा टाइप ही रोमन लिपीची परंपरा आहे. आपल्याकडे ग्रंथनाम अवतरणचिन्हांत देण्याची रीत आहे, आणि अवतरणचिन्हे ही मजकुराचा भाग असल्यामुळे ती कोणत्याही गाळणीतून सुखरूप पार पडतात.

यादीविषयीही तेच. कलमांच्या खुणा गळून गेल्या तर सर्व कलमे एका ओळीत येतात. प्रत्येक कलमाच्या शेवटी पूर्णविराम असेल तर ती तरीही वेगळी वाचता येतात. नसेल तर पुस्तकांची नावे एकमेकांत मिसळून भलतीच पुस्तके तयार होतात. विरामचिन्हे ही सर्वांत जुनी आणि सर्वांत टिकाऊ खूण आहे, असे म्हणावेसे वाटते.

देवनागरीचा तिप्पट भार

आतापर्यंतच्या अडचणी सर्व भाषांना सारख्याच आहेत. पुढची मात्र खास आपली आहे.

अ‍ॅपलने संपूर्ण कार्यक्रमाच्या वर्णनासाठी ४००० बाइटांची आणि एकेका भागाच्या वर्णनासाठी १०००० बाइटांची मर्यादा घातली आहे. मर्यादा अक्षरांत नाही, बाइटांत आहे, हे नीट ध्यानात घ्यावे. आज महाजालावर बहुतेक मजकूर युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीने साठवला जातो. ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये योजली. तिच्यात प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. पहिली १२८ चिन्हे, म्हणजे रोमन अक्षरे, अंक आणि नेहमीची विरामचिन्हे, एका बाइटात बसतात. २०४७ क्रमांकापर्यंतच्या चिन्हांना दोन बाइट लागतात. ग्रीक, रशियन, अरबी ही मंडळी तेथे आहेत. देवनागरीची वस्ती २३०४ पासून सुरू होते, म्हणजे सीमेच्या थोडी पलीकडे. त्यामुळे आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट पडतात.

शिवाय चिन्ह म्हणजे आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे. व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सर्व वेगवेगळी चिन्हे धरली जातात. ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीने एकच अक्षर. यंत्राच्या हिशेबी त्यात स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी अशी सहा चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट. ‘ज्ञानेश्वर’ या शब्दात दहा चिन्हे, म्हणजे ३० बाइट. हेच नाव रोमन लिपीत अकरा अक्षरांत, म्हणून ११ बाइटांत मावते. देवनागरी अंकही याला अपवाद नाहीत. ‘१८३२’ लिहायला १२ बाइट खर्ची पडतात.

हिशेब मांडून पाहू. मराठी शब्द सरासरी सहा चिन्हांचा धरला तर त्याचे १८ बाइट आणि पुढच्या मोकळ्या जागेचा एक, असे १९ होतात. ४००० ला १९ ने भागले की २१० शब्द येतात. इंग्रजी शब्द पाच अक्षरांचा आणि एक मोकळी जागा धरली तर त्याच जागेत साडेसहाशेहून अधिक शब्द बसतात. एकाच मापाच्या भांड्यात मराठीला एक तृतीयांशापेक्षाही कमी जागा मिळते. यात कोणाचा दुष्टावा नाही. तरी कारण काहीही असो, जागा अपुरी पडते ती मराठीत लिहिणाऱ्यालाच.

आणखी एक परिणाम होतो. मर्यादा ओलांडली की काही यंत्रे मजकूर तोडतात. तीन बाइटांच्या चिन्हाच्या मध्येच सुरी चालली तर तेथे प्रश्नचिन्ह असलेला काळा चौकोन उमटतो. हलन्तानंतर चालली तर ‘महाराष्ट्र’चे ‘महाराष्’ होते. यावर उपाय जुनाच आहे. महत्त्वाचे अगोदर, आभारप्रदर्शन शेवटी. तुटायचेच असेल तर ते आभारांत तुटावे, आधारांत नव्हे.

दुवे

आता दुव्यांकडे वळू. दुव्याचे दोन भाग असतात. एक दिसणारे शब्द, दुसरा त्यांच्यामागील पत्ता. पत्ता नेहमी पूर्ण द्यावा. संकेतस्थळाच्या पानावर अर्धा पत्ता चालून जातो, कारण उरलेला अर्धा यंत्र त्या पानावरून ओळखते. फीड मात्र आपले घर सोडून परगावी वाचले जाते. तेथे अर्धा पत्ता म्हणजे गावाचे नाव नसलेले पोस्टकार्ड.

दिसणाऱ्या शब्दांतूनच दुवा कोठे नेतो ते कळावे. ‘येथे दाबा’ हे शब्द काहीच सांगत नाहीत. अंध श्रोत्यांचा विचार केला म्हणजे याचे महत्त्व पटते. पॉडकास्ट हे माध्यम त्यांना विशेष जवळचे, आणि वर्णन ते पडदावाचकाच्या साहाय्याने ऐकतात. संगणकावरील एनव्हीडीएसारखा पडदावाचक पानावरील सर्व दुव्यांची वेगळी यादी काढून देतो. त्या यादीत ‘येथे दाबा, येथे दाबा, येथे दाबा’ असे ऐकू आले तर तिचा उपयोग काय? दुव्याचा हेतू त्याच्या शब्दांवरून किंवा संदर्भावरून कळला पाहिजे, हे डिसेंबर २००८ च्या आंतरराष्ट्रीय सुलभता-नियमांतही आहे. ‘बाळशास्त्री जांभेकरांवरील मराठी विश्वकोशातील नोंद’ असे लिहिले म्हणजे दुवा निर्जीव झाला तरी श्रोता ती नोंद स्वतः शोधून काढू शकतो. तळटीपेचे काम तेवढ्यानेही साधते.

मराठी पानांच्या पत्त्यांत देवनागरी शब्द असले की ते प्रवासात टक्केवारीच्या चिन्हांच्या भाषेत बदलतात. प्रत्येक बाइटाची तीन रोमन चिन्हे होतात. ‘पुणे’ या चार चिन्हांच्या शब्दाचे १२ बाइट, आणि त्यांची ३६ चिन्हे. असा पत्ता उघडा छापला तर तो डोळ्यांना अगम्य आणि पडदावाचकाच्या तोंडून ऐकायला असह्य. तो शब्दांमागे ठेवणेच इष्ट.

तरीही कधी पत्ता उघडा छापावा लागतो, कारण काही अ‍ॅप दुव्याची खूण गाळतात आणि उघडा पत्ता मात्र आपण होऊन जिवंत करतात. तेव्हा मराठीच्या एका स्वभावाला आवर घालावा लागतो. आपण विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून लिहितो. पत्त्यालाही ‘वर’ किंवा ‘ला’ चिकटवला, तर काही यंत्रे प्रत्ययासह सगळा पत्ता समजतात आणि श्रोता भलत्याच दारावर जाऊन उभा राहतो. पत्त्यात देवनागरी अक्षरे असू शकतात, त्यामुळे यंत्राला तरी दोष कसा द्यावा? म्हणून उघडा पत्ता स्वतंत्र ओळीवर लिहावा, आणि त्याच्या पुढेमागे ना प्रत्यय जोडावा ना पूर्णविराम.

एक नमुना

एका कल्पित उदाहरणावरून हे सारे स्पष्ट होईल. समजा, एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने ‘दर्पण’ या पत्राविषयी चाळीस मिनिटांचा भाग तयार केला आहे. त्याचे वर्णन असे लिहिता येईल.

पहिला परिच्छेद: ‘दर्पण’ हे मराठीतील पहिले वृत्तपत्र बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केले. त्यातील मजकूर मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत शेजारी शेजारी का छापला जाई, याची चर्चा या भागात आहे.

दुसरा परिच्छेद: बोलणाऱ्यांची नावे आणि प्रत्येकाचा एका वाक्यात परिचय.

त्यानंतर यादी: चर्चेतील प्रमुख विषय आणि ते कोणत्या मिनिटाला सुरू होतात ती वेळ. काही अ‍ॅप अशी वेळ ओळखून तिचाच दुवा करतात, आणि तो दाबला की ध्वनी तेथून सुरू होतो. देवनागरी अंक प्रत्येक यंत्राला वेळ म्हणून ओळखू येतील याची हमी नाही. तेव्हा या एका ठिकाणी आंतरराष्ट्रीय अंक वापरणे सोयीचे, शिवाय ते एकेका बाइटात मावतात.

त्यानंतर आधार: विश्वकोशातील नोंद, वापरलेले ग्रंथ, त्यांचे लेखक आणि प्रकाशनवर्ष, प्रत्येक कलमाच्या शेवटी पूर्णविराम. शेवटी आभार.

प्रत्येक परिच्छेदाला ‘पी’ची खूण द्यावी आणि खुणांच्या मधली ओळही मोडावी, म्हणजे खुणा मानणारे आणि टाकणारे, दोन्ही प्रकारचे अ‍ॅप सांभाळले जातात. शीर्षकात कोणतीही खूण घालू नये. दुसऱ्या लेखनसाधनातून मजकूर उचलून चिकटवला तर त्याबरोबर टाइपाच्या आणि रंगाच्या अदृश्य खुणा येतात आणि बाइट खातात. म्हणून आधी साधा मजकूर चिकटवावा आणि दुवे मागाहून हाताने घालावेत. हे झाल्यावर प्रसिद्धीपूर्वी एक परीक्षा घ्यावी. सर्व खुणा काढून टाकलेले वर्णन एका कागदावर छापावे आणि ज्याने तो भाग ऐकलेला नाही अशा मित्राला मोठ्याने वाचायला द्यावे. कोठेही न अडखळता त्याला विषय, वक्ते आणि आधार कळले, तर ते वर्णन कोणत्याही फोनवर टिकेल.

सगळ्या नियमांचे सार काढायचे तर ते एका वाक्यात निघते. खुणा वाटेत गळतील असे गृहीत धरून लिहावे, आणि अर्थ शब्दांत, शब्दांच्या क्रमात आणि विरामचिन्हांत ठेवावा. खुणांनी वाचन सुकर होते, म्हणून त्या जरूर द्याव्यात. त्यांच्यावर विसंबून मात्र राहू नये.

विद्यार्थ्यांनी केलेल्या श्राव्य कार्यक्रमांत आज पुष्कळ मोलाची सामग्री जमू शकते. गावोगावच्या ओव्या, वृद्ध कलावंतांच्या आठवणी, बोलीभाषांचे नमुने. ती सामग्री उद्या कोणी अभ्यासायला घेईल तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असेल, हे कोणी सांगितले, केव्हा आणि कोठे? ध्वनीत त्याचे उत्तर असेलच असे नाही. वर्णनाच्या चार ओळींत ते नीट लिहिलेले असेल, तर आपले ऐकीव धन साधार धन होईल. त्या चार ओळी लिहायला फार तर अर्धा तास लागतो.